आपल्यापुरते पाणी

काशीयात्रा करून आलेल्या मराठी कुटुंबाला विचारा, गंगास्नान झाले का? उत्तर ठरलेले असते. आजी-आजोबांनी दशाश्वमेधाच्या पायरीवर साखळी धरून तीन बुड्या मारल्या, सूनबाईंनी ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडून घेतले, मुलांना मात्र उतरू दिले नाही, कारण 'पाणी फार घाण आहे हो'. मुले मग हॉटेलवर परत गेली आणि तिथल्या निळ्या फरशीच्या तलावात दोन तास डुंबली. निघताना त्याच घाण पाण्याचे सीलबंद तांब्याचे गडू शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घेतले. ते आता देवघरात आहेत, हळदीकुंकू लागलेले.

या वागण्यात कुणालाच काही खटकत नाही. पूजेला सगळ्यांची गंगा आणि अंगाला आपल्यापुरते पाणी, अशी वाटणी आम्ही केव्हाच करून टाकली आहे. लोणावळा, कर्जत, अलिबाग या बाजूला बंगल्यांच्या मागे जे तलाव दिसतात ते या वाटणीतलेच. काशीही मागे नाही. शिवपूर, बाबतपूरच्या बाजूला नवे बंगले उठताहेत आणि नकाशात देवघराबरोबर आता तलावाचीही जागा धरलेली असते.

असाच एक नकाशा माझ्यापुढे आला. गृहस्थ मराठी, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या जुन्या वस्तीतले, कित्येक पिढ्या काशीकर. वाड्यातला आपला हिस्सा विकून ते वरुणा नदीपलीकडे राहायला गेले. वाड्याच्या चौकात विहीर होती, गल्लीच्या टोकाला घाटाच्या पायऱ्या होत्या. आता त्यांना दहा बाय पाच मीटरचा तलाव हवा होता, आणि केवढा बरा पडेल, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न सरळ होता, म्हणून आधी सरळच उत्तर दिले. दहा बाय पाच आणि सरासरी दीड मीटर खोली म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर पाणी. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी माप आहे. त्या हिशेबाने साडेपाचशे माणसांचे एका दिवसाचे पाणी. हे भरले म्हणजे संपले असेही नाही. मे महिन्यात लू वाहू लागली की उघड्या पाण्यातून दिवसाला सात मिलीमीटर तरी उडून जातात. या तलावातून साडेतीनशे लिटर. वापर नसताना वर आच्छादन ओढले तर त्यातले बरेच वाचते, पण ते रोज ओढणारा माणूस घरात हवा. पंप रोज सहा-आठ तास चालवायचा, कारण तेवढ्या वेळात सगळे पाणी एकदा तरी वाळूच्या गाळणीतून फिरले पाहिजे. गाळणी तुंबली की उलट्या प्रवाहाने धुवायची; त्यात दर खेपेला काही शे लिटर गटारात. भिंती घासायच्या, जाळीत अडकलेली पाने-किडे काढायचे. पावसाळ्यात दोन दिवस हयगय झाली की पाणी हिरवे पडते आणि पायऱ्या निसरड्या होतात.

आणि पोहणार कोण? ज्याला खरोखर हात मारायचे आहेत त्याला पंचवीस मीटर लागतात. दहा मीटरमध्ये सूर मारून चार-सहा हात टाकले की भिंत येते. घरच्या बहुतेक तलावांत लोक पोहत नाहीत, कडेला बसून पाय सोडतात. त्याला सहा बाय तीन आणि कंबरेच्या वर पाणी, एवढे रग्गड झाले. एकवीस-बावीस हजार लिटर. खोल भाग नको, लहान मुले असतील तर तलावाला कुंपण आणि कुलूप हवेच.

गृहस्थांनी सगळे लिहून घेतले. तपासणीची पेटी तर त्यांनी आधीच मागवून ठेवली होती. छोट्या नळीत तलावाचे पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे. पिवळ्या छटेवरून क्लोरीन कळते, गुलाबी छटेवरून आम्लता. क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम, पीएच सात पॉइंट दोन ते सात पॉइंट आठ. ते नळी उजेडाकडे धरून, चष्मा वर सारून, पेटीवरच्या रंगांशी ताडून पाहत होते. त्यांना एक गोष्ट सांगितली, जी ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. तलावाला जो उग्र वास येतो तो स्वच्छतेचा वास नव्हे. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी संयोग पावला की तो वास सुटतो. वास जितका जास्त, तितके पाणी वापरलेले.

पंचाहत्तर हजार लिटरसाठी ही दक्षता. एखाद्या लहान मुलाने तलावात पातळ शी केली तर सगळ्यांना बाहेर काढतात, क्लोरीनचा मोठा डोस देतात, कित्येक तास कुणाला उतरू देत नाहीत. आणि तोच माणूस, तीच चष्मा वर सारलेली नजर, नदीकडे वळली की काय होते?

अंघोळीच्या पाण्याचे सरकारी निकष नदीलाही आहेत. शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू पाचशेच्या आत असावेत, अडीच हजारांच्या वर कदापि नसावेत. यात्रेकरूंपैकी हा आकडा कुणाला ठाऊक असतो? मंदिराच्या रांगेचा वेळ ठाऊक असतो, आरतीच्या नावेचे भाडे ठाऊक असते. गंगा कृती योजनेची सुरुवात १४ जून १९८६ रोजी काशीतच राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेव्हापासून दीनापूर, गोइठा, रमना इथे सांडपाण्याची केंद्रे उभी राहिली, हे नाकारायचे कारण नाही. पण केंद्र उभे राहिले म्हणजे प्रत्येक नाला त्यात गेला, वीज कधी गेली नाही आणि पावसाळ्यात काही उतू गेले नाही, असे मानायला भाबडेपणा लागतो.

हे सगळे पोटतिडकीने सांगणारा एक माणूस त्या शहरात होता. वीरभद्र मिश्र. संकटमोचन मंदिराचे महंत आणि हिंदू विश्वविद्यालयात द्रवगतिशास्त्राचे प्राध्यापक. सकाळी तुलसीघाटावर श्रद्धेने स्नान करायचे आणि त्याच घाटावरच्या प्रयोगशाळेत त्याच पाण्यातले जिवाणू मोजायला लावायचे. २०१३ साली ते गेले. आम्ही त्यांचे कौतुक केले, त्यांच्या मुलाखती वाचल्या, आणि त्यांनी मोजलेले आकडे मात्र कानाआड केले. २०२५च्या महाकुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला कळवले की प्रयागला अनेक ठिकाणी, अनेक वेळा पाणी अंघोळीच्या निकषात बसलेले नाही. लोक चिडले. नाल्यावर नव्हे, अहवालावर. राज्याच्या विधानसभेत सांगितले गेले की पाणी आचमनालाही योग्य आहे, आणि प्रश्न तिथे मिटला.

'गंगेला काही होत नाही' हे आमचे सर्वात सोयीचे वाक्य आहे. आईला काही होत नाही म्हणणारी मुले आईचे औषधपाणी कसे करतात ते घरोघर दिसतेच. पावित्र्य एकदा बहाल केले की साफसफाईची जबाबदारी संपते, असा करार आम्ही देवाशी एकतर्फी करून बसलो आहोत. आरतीला हजारो दिवे. गटारात उतरणाऱ्या माणसाला मात्र, हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा होऊनही, अनेक ठिकाणी साधा मुखवटा मिळत नाही.

पण हा केवळ आळस असता तर उपाय सोपा होता. मुळाशी दुसरीच गोष्ट आहे, आणि ती जुनी आहे. पाणी सगळ्यांचे झाले की ते आम्हाला नकोसे होते.

महाडला १९२४ साली नगरपालिकेने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्यावर जाऊन खरोखरच पाणी प्याले, तेव्हा गावाने शेण-गोमूत्राचे १०८ घडे ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्या तळ्यात गुरे पाणी पीत होती ते माणसाच्या ओंजळीने बाटले. पुढे तर कोर्टात दावा गेला. त्याचा अर्थ असा की हे तळे सार्वजनिक नव्हेच, ते आम्हा स्पृश्यांचे आपले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली तो फेटाळला. दहा वर्षे भांडून आम्ही जे मागत होतो ते काय होते? एक खासगी तलाव.

काशीतही हेच घडले, पाण्याऐवजी देवळाच्या बाबतीत. १९५०च्या दशकात विश्वनाथाचे दार दलितांना उघडले, तेव्हा सनातनी करपात्री स्वामींनी ते देऊळच त्याज्य ठरवले आणि मीर घाटाजवळ वेगळा विश्वनाथ स्थापला. ज्या देवळासाठी अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास आपली संपत्ती ओतली, ते सगळ्यांचे होताच काहींना परके झाले.

हा आपलाच रोग आहे असेही नाही. अमेरिकेत मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकाच तलावात पोहावे असा निकाल लागला, तेव्हा १९६३ साली पालिकेने तलावच बंद केले, आणि १९७१ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवूनही घेतले. त्याच काळात तिथल्या गोऱ्यांच्या परसात घरचे तलाव भराभर खणले जात होते. सिनेमातल्या ज्या निळ्या परसबागेवरून आम्ही आमच्या बंगल्यांचे नकाशे काढतो, तिच्या तळाशी हा गाळ आहे. मुंबईतल्या ब्रीच कँडीच्या तलावात स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे भारतीयांना मज्जाव होता; त्याची चीड आम्हाला आहे. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतल्या तलावांवर 'घरकामगार व चालकांना मनाई' अशा पाट्या असतात, त्यांची नाही. तलाव घासणारा पोऱ्या रोज दोन तास पाण्याच्या कडेला असतो आणि त्याला पोहता येते की नाही हे मालकाला माहीत नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो बाईचा आहे. घाटावर हजार डोळ्यांसमोर ओलेत्याने कपडे बदलायचे, सार्वजनिक तलावात 'महिलांची वेळ' म्हणून दुपारी दोनचा एक तास मिळायचा, तोही टवाळांच्या नजरा झेलत. घरच्या तलावात निदान निवांत पोहता तरी येते. गुडघे धरलेल्या म्हातारीलाही पाण्यात चालणे सोसते. हे मला मान्य आहे. पण मग हा त्या सार्वजनिक तलावावरचाच आरोप आहे, आणि तो दुरुस्त करायची ताकद ज्यांच्यात आहे तेच लोक आपापला खड्डा खणून मोकळे होतात. दहा घरांनी दहा तलावांवर केलेल्या खर्चात त्यांच्याच वस्तीत पंचवीस मीटरचा एक धड तलाव, दोन शिक्षिका आणि एक जीवरक्षक उभा राहिला असता. काशीत दरवर्षी घाटांवर माणसे बुडतात. त्यांतली बरीच पोहायला न शिकलेली तरुण मुले असतात. नावाड्यांची, मल्लाहांची पोरे तेवढी नदीत वाढतात म्हणून तरतात.

घरच्या पाण्याचा आकार किती असावा याचे उत्तर आमच्याकडे फार पूर्वी दिले गेले आहे. १८६८ साली जोतिराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या हौदाची लांबी-रुंदी कुणी विचारत नाही. त्याच्या आधी काही शतके, याच काशीत, रैदास नावाचा चांभार कातडे भिजवायच्या लाकडी कठौतीपाशी बसत असे. त्या कठौतीत गंगा प्रकटल्याची कथा सांगून आम्ही डोळे पुसतो. सीर गोवर्धनपूरला त्यांच्या जन्मस्थानी जे लोक जातात त्यांच्यात ब्रह्माघाटाचे, सदाशिव पेठेचे किती, तेही एकदा मोजावे.

हे सगळे मी त्या गृहस्थांना ऐकवले नाही. पाहुण्याने यजमानाला एवढे ऐकवू नये. मी एवढेच म्हटले, की दहा बाय पाचच हवा असेल तर जरूर बांधा, पण मग सकाळचे दोन तास वस्तीतल्या मुलींना द्या. शिकवणारी बाई ठेवा, उथळ भाग मोठा करा. तुमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या बाईंच्या दोन्ही मुलींपासून सुरुवात करा, त्या शाळेआधी नऊपर्यंत मोकळ्या असतात.

ते जरा वेळ नकाशाकडे पाहत राहिले.

"कल्पना चांगली आहे," ते म्हणाले, "पण मग आमच्याकडची माणसं त्या पाण्यात उतरणार नाहीत."

"क्लोरीन घातल्यावरही?"

"क्लोरीनचा प्रश्न नाहीये हो."