कार्ड कोणाचं, कॅशबॅक कोणाचा?

शुक्रवारची सुट्टी दिसली, की आठवडाभर आधीच ऑफिसच्या ग्रुपवर एका शब्दाचा मेसेज पडतो- ‘कोकण?’ दहा मिनिटांत पाच अंगठे वर. दिवेआगर ठरतं. होम-स्टेवाल्या काकूंना फोन जातो, सुरमई की पापलेट यावर वादही होऊन जातो... आणि मग गाडीचा प्रश्न येतो. पाचातल्या दोघांकडे बाइक, एकाची कार बाबांच्या नावावर (आणि बाबांच्याच ताब्यात!), उरलेले दोघे मेट्रोवाले. म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह. तीन दिवसांचे आठ-साडेआठ हजार. इथे ‘तो’ पुढे येतो. किंवा ‘ती’. प्रत्येक ग्रुपमध्ये एक कार्डवाला असतोच. ‘थांबा रे, माझ्या कार्डावर पाच टक्के कॅशबॅक आहे. मी भरतो, तुम्ही नंतर द्या.’

सगळे खूश! तीन आठवड्यांनी कुणीतरी (बहुधा ज्याने अजून आपला वाटा दिलेला नाही तोच) चहा पिता पिता विचारतो, ‘काय रे, तुला चारशे रुपये परत मिळाले ना? ते पाचात वाटायचे की नाही?’

हसू नका. चारशे रुपयांवरून ग्रुप फुटत नाहीत, पण कुरबुर इथूनच सुरू होते. म्हणून आधी आकडे मांडू.

गाडीचं भाडं दिवसाला २,८०० धरा, तीन दिवसांचे ८,४००. त्यावर पाच टक्के म्हणजे ४२०. पाच जणांत वाटले तर डोई ८४ रुपये. दोन वडापाव आणि एक कटिंग! आता खर्चाची दुसरी बाजू. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर, पुढे श्रीवर्धन-हरिहरेश्वर आणि परत पुणे, म्हणजे भटकंती धरून चारशे किलोमीटर. गाडी लिटरला १५ देते असं समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. झाले २,८०० रुपये. आणि पेट्रोलवर बहुतेक कॅशबॅक कार्डं एक पैसा देत नाहीत. फार तर एक टक्का सरचार्ज माफ होतो, त्या सरचार्जवरचा जीएसटी मात्र जातोच. डिपॉझिट तीन हजार असेल तर त्यावरही काही नाही. काही कंपन्या ते आधी कार्डावर चक्क खर्च म्हणून टाकतात आणि नंतर परत करतात. तेव्हा स्टेटमेंटमध्ये दीडशे रुपये जास्तीचा कॅशबॅक दिसून माणूस हुरळतो. रिफंड आला, की बँक तोही काढून घेते.

बरं, हे ४२० तरी नक्की का? नाही! बँक तुमची पावती वाचत नाही, कोड वाचते. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला एक चार आकडी कोड असतो. कार भाड्याने देणाऱ्यांचा ७५१२, ट्रॅव्हल एजंटांचा ४७२२, टॅक्सीचा ४१२१. तुमच्या कार्डावर ‘ट्रॅव्हल’ला जादा कॅशबॅक असेल, पण बँकेच्या यादीत ७५१२ बसतच नसेल, तर मिळणार नेहमीचा एक टक्का किंवा शून्य. तीच गाडी कंपनीच्या साइटवर एका कोडखाली जाते आणि तिकिटं-हॉटेलं विकणाऱ्या अ‍ॅपवर दुसऱ्या. आणि आधी वॉलेटमध्ये पैसे टाकून मग वॉलेटमधून भाडं भरलं, तर बँकेच्या लेखी तुम्ही गाडी घेतलीच नाही, वॉलेट भरलं. ते बऱ्याच कार्डांवर कॅशबॅकमधून वगळलेलं असतं. महिन्याच्या कमाल मर्यादेचं लफडं वेगळंच. त्याच महिन्यात विमानाची तिकिटं काढून मर्यादा संपवली असेल, तर पाच टक्के फक्त जाहिरातीत.

खरी बचत करायची तर क्रम लक्षात ठेवा- आधी कूपन, मग कार्ड. समजा अ‍ॅपवर १५ टक्क्यांचं कूपन चालतंय. ८,४०० चे ७,१४० झाले, म्हणजे १,२६० वाचले. उरलेल्या ७,१४० वर पाच टक्के म्हणजे ३५७. एकूण १,६१७. बघा, कूपनने कार्डाच्या साडेतीनपट काम केलं. आणि शुक्रवारी पहाटेऐवजी शनिवारी पहाटे गाडी उचलली, तर एक दिवसाचं भाडंच जातं. त्यापुढे कुठलंही कार्ड फिकं आहे. (‘पण मग एक रात्र कमी मिळेल’ असं म्हणणाऱ्यांनी खुशाल शुक्रवारी निघावं. बचत म्हणजे वैराग्य नव्हे.)

मला स्वतःला आवडतो तो दुसरा मार्ग. वर्षभराचा किराणा आणि ऑनलाइन खरेदी एकाच कॅशबॅक कार्डावर टाकायची, म्हणजे जो खर्च होणारच होता तोच. साठलेली रक्कम ट्रिपच्या महिन्यात बिलातून वजा करून घ्यायची. महिन्याला दहा हजारांच्या खर्चावर दोन टक्के धरले, तरी वर्षाला २,४०० होतात. जवळजवळ एका दिवसाची गाडी फुकट! फक्त आधी दोन गोष्टी बघा. काही कार्डांवर कॅशबॅक आपोआप बिलात जमा होतो, साठवता येतच नाही. अशा वेळी तेवढी रक्कम दर महिन्याला स्वतःच बाजूला टाकायची. आणि काही कार्डांवर पॉइंट रिडीम करताना ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. तिथे दर महिन्याला थोडे थोडे रिडीम करणं म्हणजे शुद्ध येडेपणा.

आता मूळ भांडण. कॅशबॅक कोणाचा?

माझं मत सांगतो. बाकीच्या चौघांनी ‘नंतर देतो’ म्हटलं असेल, तर पूर्ण ४२० कार्डवाल्याचे. एक रुपया वाटायचा नाही. कारण त्याने काय काय अंगावर घेतलंय ते बघा. ८,४०० अधिक ३,००० म्हणजे कार्डाच्या लिमिटमधले ११,४०० अडकले. लिमिट पन्नास हजार असेल, तर जवळजवळ पाव लिमिट गुल. गाडीला ओरखडा गेला, तर कंपनी आधी त्याचं डिपॉझिट कापणार. टोल गाडीच्या फास्टॅगमधून जातो आणि हिशेब नंतर त्याच्या नावावर येतो. वेगाचं ई-चलान आधी कंपनीकडे, मग कंपनीकडून त्याच्याकडे. तोवर ट्रिपचे फोटोसुद्धा जुने झालेले असतात आणि गाडी त्या वेळी कोण चालवत होतं हे कुणालाच आठवत नाही!

शिवाय व्याज. ते जाम महाग आहे. आपल्याकडे कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाला ४२ टक्के. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या तीसच्या भरवशावर राहू नका. ८,४०० रुपयांवर ४२ टक्क्यांनी दिवसाला साधारण ९ रुपये ६७ पैसे होतात, १८ टक्के जीएसटी धरून ११ रुपये ४० पैसे. म्हणजे ४२० रुपयांचा कॅशबॅक सदतिसाव्या दिवशी खलास. आणि हे दिवस बिलाच्या शेवटच्या तारखेपासून नाही, स्वाइप केल्यापासून मोजतात! मित्रांनी पैसे लांबवले, कार्डवाल्याने ‘मिनिमम ड्यू’ भरून वेळ मारून नेली, की बिनव्याजी मुदत गेली. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. चौघांना वाटत असतं, ‘अरे, त्याला कुठे घाई आहे!’

उलट, चौघांनी बुकिंगच्या आधीच आपापले पैसे यूपीआय केले असतील, तर चित्र बदलतं. उधारी नाही, व्याजाची भीती नाही. तिथे कॅशबॅक पाचात वाटावा, किंवा सरळ काकूंच्या सोलकढीच्या बिलात जिरवावा. पण मग ओरखडा आणि चलानही पाचाचं, हे ग्रुपवर आधीच लिहून टाका. ‘जो चालवत होता त्याने द्यावं’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. पण मग घाटात चालवायला कोणी पुढे येत नाही आणि त्याच एकाला सहा तास स्टेअरिंगवर बसवावं लागतं. मात्र बुकिंगमध्ये ज्याचं लायसन्स दिलंय त्याच्याशिवाय दुसऱ्याने चालवलं, तर विम्याचा लोचा होतो. दोघे चालवणार असतील, तर दोघांची नावं आधी टाका.

आणखी एक मोह. ‘माझ्या ओळखीत एक जण देतो, हजार रुपये दिवस, कॅश.’ गाडीची पाटी बघा. रीतसर भाड्याने चालवायला देणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कुणाचीतरी खासगी गाडी घेतली आणि धडकली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. कार्ड नाही, म्हणजे कॅशबॅक नाही हे सोडाच, पण तक्रार करायला जागाही उरत नाही. कार्डावर भरलेलं असेल, तर चुकीच्या कपातीवर बँकेकडे दाद मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी बिलातल्या तक्रारीचं स्पष्टीकरण, गरज असेल तर पुराव्यासकट, ३० दिवसांत देणं बँकेवर बंधनकारक केलं. त्या ४२० रुपयांपेक्षा हा हक्क मोलाचा. म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. मीटर आणि पेट्रोलचा काटासुद्धा. दोन मिनिटं लागतात. सेल्फी नंतर!

ग्रुपमध्ये कुणाचा तरी चुलतभाऊ अमेरिकेत असतोच. तो सांगेल, ‘आम्ही काउंटरवर डॅमेज कव्हर घेतच नाही, कार्डच देतं.’ तो खोटं बोलत नाहीये. तिकडच्या बऱ्याच कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असतं. अट एवढीच, की कंपनीचं कव्हर नाकारून पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरायचं. आपल्याकडच्या बहुतेक कॅशबॅक कार्डांवर असं काही नाही. त्यामुळे बुकिंग करताना काही शेकड्यांत मिळणारं डॅमेज प्रोटेक्शन तिथेच घ्या. पाच टक्के वाचवण्याच्या नादात ते वगळलेलं अनेकांचं पाहिलंय, आणि नंतरचे चेहरेही. ऑनसाइटला गेलात आणि इथलंच कार्ड तिकडे वापरलंत, तर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. बहुतेक कॅशबॅक तिथेच गिळला जातो.

आणि हो, परतताना टाकीत निघताना होतं तेवढं पेट्रोल असायला हवं. कमी पडलं तर कंपनी आपल्या दराने लावते आणि तो दर पंपाच्या दरासारखा मायाळू नसतो. ताम्हिणीकडून येताना पौड किंवा पिरंगुटला पंप लागतात, तिथेच भरून घ्या. चांदणी चौकापर्यंत थांबलात, तर रविवार संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तुमच्या मागच्या सीटवरचे तिघे गाढ झोपलेले असतील आणि पेट्रोलचे पैसे पुन्हा कार्डवालाच भरेल.