आग शोधणारा रोबो आणि आपली स्वयंपाकघरे



१४ एप्रिल ही तारीख आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मात्र भारतात हाच दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकाईन' या जहाजात कापसाच्या गाठींनी पेट घेतला. त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके भरलेली होती. दुपारी धूर दिसला, बंब आले, जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी सोडण्यात आले. तरीही दाट धुरामुळे आगीचे मूळ ठिकाण सापडू शकले नाही. चारच्या सुमारास जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले आणि गोदीत व आसपासच्या वस्त्यांत शेकडो माणसांचे प्राण गेले. बाबासाहेब त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहत होते.

या घटनेत पाण्याची किंवा धैर्याची वाण नव्हती. आग नेमकी कोठे आहे, हे वेळेत कळले नाही. अभियंता या नात्याने आम्हाला तिच्यातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विझविण्याची साधने माणसाजवळ फार पूर्वीपासून आहेत. शोधण्याचे काम मात्र आजही अवघड आहे. म्हणूनच या वेळच्या सदरासाठी आम्ही विषय निवडला आहे तो आग शोधून विझविणाऱ्या लहानशा रोबोचा.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हार्टफर्ड येथे ट्रिनिटी कॉलेज आहे. तेथे १९९४ मध्ये अशा रोबोंची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे तिला अनेक देशांतून स्पर्धक येऊ लागले. स्पर्धेचे मूळ स्वरूप सोपे आहे. जमिनीवर सुमारे २४८ सेंटिमीटर लांब-रुंद अशी घराची प्रतिकृती मांडलेली असते. चार खोल्या, मधून अरुंद वाटा, ३३ सेंटिमीटर उंचीच्या भिंती. कोणत्या तरी एका खोलीत मेणबत्ती तेवत असते आणि ती कोणत्या, हे आधी सांगितले जात नाही. रोबोने स्वतःच फिरून ती शोधायची व विझवायची. हातात रिमोट घेऊन त्याला चालविण्यास मनाई असते. एकदा तो सुटला, की बनविणाऱ्याने हात बांधून पाहत राहायचे.

आमच्या समूहातील सहा मुलामुलींनी यंदाच्या हिवाळ्यात, रविवारच्या धम्मवर्गानंतर, एका कुटुंबाच्या गॅरेजमध्ये असा रोबो बांधला. स्पर्धेत उतरण्याचा विचार नव्हता. यंत्र विचार कसा करते, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी पाहावे, एवढाच हेतू होता. सर्व सुटे भाग आम्हाला १०० डॉलरच्या आत मिळाले. दोन मोटारी, दोन चाके, पुढे एक भिंगरी चाक, एक लहान पंखा, काही सेन्सर आणि मेंदू म्हणून आर्डुइनो उनो हा बोर्ड. या बोर्डाची काम करतानाची स्मृती अवघी दोन किलोबाइट असते. आपण वाचत असलेला हा लेखही तिच्यात मावणार नाही. तरीही तेवढ्या स्मृतीत घर हिंडून ज्योत शोधण्याची बुद्धी बसविता येते.

प्रथम रोबोला भिंत कळावी लागते. त्यासाठी वापरलेला सेन्सर वटवाघळाप्रमाणे काम करतो. आपल्याला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा ध्वनी तो सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत २० सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन येण्याचे अंतर ४० सेंटिमीटर आणि त्याला लागणारा वेळ सुमारे १.२ मिलिसेकंद. शाळेत पाठ केलेले 'अंतर भागिले वेग' हे सूत्र चाकांवर चालताना पाहून एका मुलीने गणिताची वही आपण होऊन उघडली, हे येथे आवर्जून नोंदवितो.

मग प्रश्न येतो वाटेचा. अंधारात अनोळखी घरात शिरलेला माणूस एक हात भिंतीला लावून चालतो. रोबोलाही तोच नियम शिकविला: डावी भिंत सोडायची नाही. या एका नियमावर तो तीन खोल्या बिनचूक फिरून आला. चौथी खोली मात्र आम्ही मुद्दाम इतर भिंतींपासून सुटी, मधोमध मांडली होती. बाहेरची भिंत धरून चालणारा तिच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. तेथे धरलेली भिंत सोडून समोरचे मोकळे अंतर पार करण्याचे धाडस त्याच्या प्रोग्रॅममध्ये वेगळे लिहावे लागले.

सर्वांत बोधप्रद ठरला तो ज्योत ओळखण्याचा भाग. स्वस्तातला ज्योत-सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाहतो. मेणबत्तीतून तो निघतोच. पण उन्हातूनही भरपूर येतो. दुपारी गॅरेजच्या खिडकीतून ऊन आत आले, तेव्हा रोबो मेणबत्तीकडे पाठ करून खिडकीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सूर्यावर पंखा सुरू केला. मुले हसून हसून लोळली. हसणे ओसरल्यावर खरे काम सुरू झाले.

सेन्सर बोर्डाला ० ते १०२३ यांपैकी एक आकडा कळवितो. कोणत्या आकड्याला 'आग' म्हणायचे, ही मर्यादा आपण ठरवायची. मर्यादा सैल ठेवली, तर यंत्र उन्हाला आग समजते. कडक ठेवली, तर ते समोरची मेणबत्ती ओलांडून जाते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणील असा आकडा त्या सेन्सरसाठी अस्तित्वातच नव्हता. मुलांनी मग आकड्याचा नाद सोडून उपाय बदलले. सेन्सरभोवती काळ्या कागदाची नळी बसविली, म्हणजे त्याला केवळ समोरचे दिसावे. रोबोला खोलीच्या दारात सावकाश वळवून प्रत्येक दिशेचा आकडा टिपायला लावला, म्हणजे रुंद पसरलेले ऊन आणि एका बिंदूत तेवणारी ज्योत यांत फरक करता यावा. आणि पंखा थांबल्यावर पुन्हा पाच वेळा तपासायला लावले. वात कधी कधी क्षणभर विझल्यासारखी दिसून पुन्हा पेटते.

याहून महागडा एक सेन्सर मिळतो. तो १८५ ते २६० नॅनोमीटर या पट्ट्यातील अतिनील किरण पाहतो. सूर्याचे हे किरण ओझोनचा थर वरच शोषून घेत असल्याने जमिनीवर पोहोचत नाहीत. ज्योतीतून मात्र ते निघतात. म्हणून भर उन्हातही त्याची फसगत होत नाही. मात्र त्याला काहीशे व्होल्टचा दाब लागतो, म्हणून मुलांच्या हाती आम्ही तो दिला नाही.

गॅरेजमध्ये आलेल्या एका ज्येष्ठ मावशींनी या साऱ्या खटाटोपावर एक प्रश्न विचारला. 'आपण वंदनेला मेणबत्ती लावतो, आणि तुम्ही पोरांना ती विझवायला शिकवता?' प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की प्रतिमेसमोर आपण लावलेली ज्योत आपल्या नजरेखाली असते. नजरेआड गेलेली तीच ज्योत आग होते. तथागतांनी गयाशीर्षावर एक सहस्र भिक्खूंना, जे आधी अग्निपूजक जटिल होते, आगीचेच रूपक घेऊन उपदेश केला. निब्बान या शब्दाचा मूळ अर्थही विझणे असाच सांगितला जातो, आणि बाबासाहेबांनी त्याचा अर्थ जीवन संपणे असा न घेता विकारांवर ताबा असा घेतला. 'म्हणजे ताबा ठेवायला शिकवता,' असे म्हणून मावशींनी पुढच्या चाचणीची मेणबत्ती स्वतः पेटविली.

आता रोबोच्या मर्यादेविषयी. पंख्याची झुळूक मेणबत्ती विझविते, कारण ती वातीवरची तप्त मेणाची वाफ दूर नेते आणि ज्योत थंड करते. तीच झुळूक पेटलेल्या लाकडावर किंवा पडद्यावर घातली, तर नवा प्राणवायू मिळून आग भडकते. कढईतील तेल पेटले असता त्यावर पाणी ओतले, तर पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. तेथे शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकविणे हाच उपाय, आणि तेही आग कढईपुरतीच असेल तोवर. एरवी मुलांना घेऊन बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. हे आम्ही मुलांना प्रत्येक चाचणीआधी म्हणायला लावीत असू.

आणि येथेच विषय गॅरेजमधून आपल्या स्वयंपाकघरात येतो. परदेशातील आपल्या घरांत छतावर धूरसूचक यंत्र बसविलेले असते. आपण मोहरीची फोडणी देतो, मिरची तळतो, भाकरी विस्तवावर फुगवितो. यंत्र किंचाळू लागते. दोनदा, तीनदा असे झाले, की कुणी तरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढून ठेवते. समूहातील घरांत आम्ही हे वारंवार पाहिले आहे. खोट्या हाका मारणाऱ्या यंत्राचे तोंड बंद करणे स्वाभाविक आहे. पण त्या रात्री खरी हाक देणारेही कुणी उरत नाही.

मुलांनी गॅरेजमध्ये जे केले, तेच आपण येथे करावयाचे आहे: यंत्र बंद न करता त्याची जागा व जात बदलावयाची. धूरसूचक यंत्र शेगडीपासून किमान दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर, दूर असावे. बाजारात त्याचे दोन मुख्य प्रकार मिळतात. आयनीकरणावर चालणारे यंत्र स्वयंपाकाच्या धुराने लवकर वाजते. प्रकाशकिरणावर चालणारे त्या मानाने कमी. स्वयंपाकघराजवळ दुसरा प्रकार बरा. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावे. यंत्राच्या मागे उत्पादनाची तारीख छापलेली असते; दहा वर्षे झाली असतील, तर ते वाजत असले तरी बदलावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला तसे लेखी कळवावे.

यंदाच्या जयंती सोहळ्यात ग्रंथविक्रीच्या टेबलाशेजारी आमच्या बालअभियंत्यांचे टेबल असेल. रोबो चालवून दाखविला जाईल, आणि ज्यांना घरी असा रोबो बांधावयाचा आहे त्यांना सुट्या भागांची यादी व प्रोग्रॅम विनामूल्य मिळेल. येताना एक काम मात्र करून यावे. घरातील प्रत्येक धूरसूचक यंत्राचे बटण दाबून पाहावे आणि किती वाजली व किती वाजली नाहीत, हा आकडा चिठ्ठीवर लिहून आणावा. नावे लिहू नयेत. मुले त्या आकड्यांचा तक्ता करतील व तो पुढील अंकात याच सदरात छापला जाईल.

जयभीम. नमो बुद्धाय.