छतावरच्या नळीकडे पाहतो कोण?

थंडी पडू लागली, की औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांतून फिरताना माझी नजर दुकानांवर नव्हे, छपरांवर जाते. कुठे पत्र्यातून, कुठे माळवदातून गिझरची किंवा बंबाची नळी वर आलेली असते. कुठे ती गंजून वाकलेली, कुठे तिच्या तोंडाशी पाखरांनी संसार थाटलेला. गिझरची चकाकी सारे पाहतात. त्याचे नाक कोणी पाहत नाही.

गॅस असो वा लाकूड, जळताना हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. कडी काढण्याचे भानही उरत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत दगावले. त्यांत चार मुले होती.

‘आजोबांपासून घरात बंब आहे, कधी काही झाले नाही,’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आजोबांचा बंब अंगणात किंवा उघड्या न्हाणीत पेटत असे. आज त्याच न्हाणीला टाइल्स, सरकती काच आणि खोटे छत आले. हवेच्या वाटा आपणच बुजवल्या. त्या खोट्या छतावर नळीचा सांधा निखळला, तर धूर पुन्हा घरातच उतरतो आणि खाली कोणाला पत्ताही लागत नाही. तापलेली नळी माळवदाच्या लाकडाला टेकली असेल, तर ते वर्षानुवर्षे करपत राहते. हा आगीचा धोका वेगळाच.

माझे मत स्पष्ट आहे. गॅसचा गिझर न्हाणीघरात नकोच. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाणी नळाने आत आणावे. नळी छतातून जात असेल, तर ती नेमकी कुठे उघडते, हे मिस्त्रीने वर नेऊन दाखवल्याशिवाय त्याचे पैसे चुकते करू नयेत. दिवाळीच्या साफसफाईत जळमटांबरोबर नळीचे सांधे आणि टोपीही तपासावी. खर्चात काटछाट करताना पहिली कात्री नळीलाच लागते, कारण ती पाहुण्यांना दिसत नाही!

आणि घरातले कोणी आंघोळीला जाऊन बराच वेळ झाला, तर हाक मारा. ओ आली नाही, तर संकोच न करता दार तोडा.