डिग्रीच्या वर्गात भागाकार अडतो. तो शिकवायला प्राध्यापकांना कोण शिकवणार?

बी.कॉम.चं पहिलं वर्ष. फळ्यावर चक्रवाढ व्याज सुरू आहे आणि मागच्या बाकावर ४३२ ला ६ ने भागायला मोबाईल बाहेर निघतो. तालुक्याच्या कॉलेजात हे चित्र नवं नाही. "शाळेत काय केलं रे?" म्हणत सर पुढे सरकतात, पोरं खाली बघतात. धडा संपतो, भागाकार राहतोच.

'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्के मुलांना जमलं. सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नाही. यातली जी बारावी पास होतात, ती पुढे कॉलेजात येऊन बसतात.

दोष शाळेचा, हे खरं. पण फी भरून आलेल्या मुलाला तेवढं सांगून भागत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे, मराठी व्याकरण आहे. तिथे डिग्रीचा कागद कामाला येत नाही.

आता प्राध्यापकांची बाजू. झेडपीच्या गुरुजींना डी.एड. आणि टीईटी लागते. कॉलेजात मात्र एम.ए., एम.कॉम.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की झालं. शिकवायचं कसं, याची पदवी कुणी मागत नाही. त्यामुळे अर्थशास्त्राच्या सरांना वाचन शिकवता येत नसेल, तर नवल नाही. ते त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

नोकरी लागल्यावर प्रशिक्षण असतं. बढतीसाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर कोर्स करावे लागतात. २०२३ पासून केंद्राचा 'मालवीय मिशन' कार्यक्रम आहे. त्यात संशोधन, भारतीय ज्ञान परंपरा, संगणक असे आठ विषय आहेत. विद्यार्थ्यांमधली विविधता हाही त्यातला एक. पण दोन आठवड्यांच्या ऑनलाईन कोर्समध्ये आठ विषय उरकताना, अडखळत वाचणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला उद्या सकाळी काय द्यायचं, हे हाती लागणं अवघड. सर्टिफिकेट मात्र फाईलला लागतं.

त्यातही मोठी गोम वेगळीच. अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाचे वर्ग तासिका तत्त्वावरच्या सर-मॅडमवर चालतात. त्यांना बढतीच नाही, मग बढतीसाठीचा कोर्स कशाला? शिवाय पुढच्या वर्षी ते त्याच कॉलेजात असतील का, हेही नक्की नसतं.

उपाय फार लांब नाही. मुलांचे गट इयत्तेवर न करता 'येतं किती' यावर करायचे, ही 'प्रथम'ची पद्धत महाराष्ट्रातल्या झेडपी शाळांत वापरली गेली आहे. ज्या गुरुजींना ती जमली, त्यांनाच तालुक्याच्या कॉलेजात बोलवावं. प्राध्यापकांनी आठवडाभर त्यांच्यासोबत वर्गात उभं राहावं, तासिकावाल्यांनी आधी, आणि त्या दिवसांचं मानधन मिळावं. मात्र बाळबोध पुस्तकं नकोत, मोठी पोरं लाजून वर्गच सोडतील. एकराचे ४० गुंठे तीन भावांत वाटायचे, ट्रॅक्टरचा हप्ता काढायचा, खताचं बिल तपासायचं. भागाकार यातही शिकवता येतो.

नॅकच्या फाईलमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठीचे 'रेमेडियल' तास दाखवले जातात. ते वेळापत्रकात कोणत्या वारी आहेत आणि घेतं कोण, हे पालकांना प्रवेशाच्या वेळी ऑफिसात विचारता येतं.