थोरल्या भावाचे गाणे

आमचे थोरले बंधू वस्तीच्या गायन पार्टीत पेटी वाजवीत आणि गातही असत. वामनदादा कर्डकांचे एक गीत त्यांचे खास. जयंतीच्या रात्री ते झाल्याशिवाय मंडळी उठत नसत.

बंधू अकाली गेले. मग ते गाणे आमच्या घरात कुणी म्हणेना. लाऊडस्पीकरवर लागले की आई पदर डोळ्यांना लावी आणि आम्ही खिडकी लोटून घेत असू.

वर्षाने पुण्यानुमोदन झाले. वंदना संपल्यावर धाकट्या बहिणीने कुणाला न विचारता तेच गाणे धरले. दुसऱ्या कडव्याला तिचा गळा दाटला. पुढची ओळ आईने उचलली! आईला अक्षरओळख नाही, पण लेकाचे गाणे तोंडपाठ होते. बंधू दम घ्यायला जिथे थांबत, तिथेच तीही थांबली.

ज्या घरी मरण नाही तिथून मोहरी आण, असे तथागतांनी किसा गोतमीला सांगितले होते. असे घर तिला सापडले नाही. आपल्यालाही सापडणार नाही. वामनदादाही 15 मे 2004 रोजी गेले. गीते मात्र गळ्यागळ्यांत राहिली.

बंधू-भगिनींनो, आपल्या गेलेल्या माणसांच्या गाण्याच्या वह्या ट्रंकेत असतील, तर वाळवी लागण्याआधी बाहेर काढा. नकलून घ्या, मुलांना चाली शिकवा. यंदा 14 एप्रिलला आमची भाची मामाचे गाणे म्हणणार आहे. खिडकी आता आम्ही उघडीच ठेवतो.

जय भीम!