प्रश्नावलीचा सोस

मुलाखत म्हणजे समोरच्याच्या तोंडून आपलेच मत वदवून घेणे, अशी आपल्या विद्यापीठीय संशोधनाची समजूत झालेली दिसते. ‘तुमच्यावर अन्याय झाला असे वाटते का?’ या प्रश्नाला ‘हो’खेरीज कोणते उत्तर येणार?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा दावा. तो खोडायला ‘अन्याय’ हा शब्द पुरत नाही. टँकर कुठे उभे होते, गोळी लागलेला माणूस कुठे होता, तुम्ही स्वतः पाहिलेत की ऐकलेत, हेच साधे प्रश्न तिथे उपयोगी पडतात. आणि एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहावे लागते. आनंद पटवर्धन ‘जय भीम कॉम्रेड’साठी (२०११) चौदा वर्षे चित्रण करीत राहिले. आमचे अभ्यासक मात्र एका दुपारी तीस प्रश्नावल्या भरून परतीची लोकल पकडतात!

सहानुभूती हा चौकशीला पर्याय नव्हे. तपशिलावाचूनची साक्ष खोडणे सत्तेला सर्वांत सोपे जाते. तपशील न विचारणारी करुणा म्हणूनच अखेर साक्षीदाराच्या विरोधात जाते.