दंत-मदतनिसांची नोंद कोण घेणार?

अजिंठ्याच्या लेण्यांची कीर्ती जगभर पोहोचली आहे. पण त्या लेण्यांना नाव देणाऱ्या गावातून शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे, तर सुमारे १०० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. सिल्लोड तालुक्यासारख्या ग्रामीण भागात दातांच्या रोजच्या दुखण्यांचा भार मुख्यतः छोट्या खासगी दवाखान्यांवर असतो. तेथे एक दंतवैद्य आणि एखादी मदतनीस, एवढाच बहुधा संच. रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणतात. कायद्याच्या लेखी ती कोण, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

तिचे काम चूळ भरायला पाणी देण्यापुरते नाही. लाळ ओढणारी नळी धरणे, सिमेंट कालवणे, मापाचे मिश्रण घट्ट होण्याआधी डॉक्टरांच्या हाती देणे ही कामे ती करतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अवजारांचे निर्जंतुकीकरण. ती आधी घासूनपुसून स्वच्छ करावी लागतात. मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. नुसत्या उकळण्याने सर्व जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. गर्दीच्या दिवशी यंत्र भरगच्च भरले, तर वाफ सर्वत्र पोहोचत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. वापरलेली सुई टोचली, तर हेपेटायटिस-बीचा धोका प्रथम तिलाच.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, दंत-आरोग्यक आणि दंत-यांत्रिक यांच्या नोंदणीची व्यवस्था केली. खुर्चीशेजारची मदतनीस त्या चौकटीबाहेर राहिली. पुढे तिच्यासाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आला. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात दंत-सहायकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. पण अनुभवावर काम शिकलेल्या मदतनिसापर्यंत ही नोंदवही पोहोचणार कशी?

उद्यापासून पदविका सक्तीची करणे हे उत्तर नव्हे. पदविकाधारकाचा पगार छोट्या गावातील दवाखान्याला पेलणारा नसतो, आणि सक्ती झाल्यास वर्षानुवर्षे राबलेल्या स्त्रियांचीच नोकरी जाईल. शिवाय कर्मचारी राज्य विम्याला साधारणपणे १० आणि भविष्य निर्वाह निधीला २० कर्मचाऱ्यांची अट असल्याने दोघा-तिघांचे दवाखाने या संरक्षणाबाहेर राहतात.

मार्ग कायद्यातच आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना हेपेटायटिस-बी व धनुर्वाताची लस, तसेच रुजू होताना आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. छोटे दवाखानेही त्यातून सुटलेले नाहीत. शासकीय दंत महाविद्यालयाने तालुक्याच्या ठिकाणी अल्प मुदतीचे वर्ग घ्यावेत, अनुभवी मदतनिसांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि त्या आधारे त्यांची नोंद व्हावी. यास नवा कायदा लागत नाही. असलेल्या नियमाची अंमलबजावणी पुरेशी आहे. खुर्चीत तोंड उघडून बसणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षितता या हातांवर अवलंबून आहे. ते हात कुशल असावेत आणि सुरक्षितही, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.